काचेची भट्टी आणि राष्ट्राचे विज्ञानधोरण

जबलपुरात घमापूर व लालमाटी ह्या भागांच्या शेजारी कांचघर नावाची वस्ती आहे. नावातील अनुस्वार हिंदीचा आहे. अर्थ मात्र मराठी माणसास कोणी सांगावा लागत नाही. काचेच्या कारखान्यावरून हे नाव पडले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात देशातील काचकारखान्यांची गणना होई, तेव्हा तीत जबलपूरचे नाव असे. आज कांचघर म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे चौक, दुकाने आणि दाट वस्ती उभी राहते. भट्टी राहत नाही. धंदा गेला आणि नाव मागे राहिले, असे आपल्या देशात अनेक ठिकाणी घडले आहे, आणि त्याबद्दल उसासा टाकून स्वस्थ बसण्याचीही आपल्याला सवय आहे. आम्हांस मात्र ह्या नावावरून एक प्रश्न विचारावासा वाटतो. राष्ट्र नवे ज्ञान मिळविते, ते कामास लावते आणि कामातून पुन्हा नवे ज्ञान घडविते, ही क्रिया कशाने चालते व कशाने अडते? आजच्या अर्थशास्त्रात ह्या सर्व योजनेस ‘राष्ट्रीय नवोन्मेष-व्यवस्था’ असे भारदस्त नाव आहे. नाव भारदस्त असले तरी वस्तू साधी आहे. प्रयोगशाळा, शाळा, कारखाना, पेढी, बाजार आणि सरकार ह्यांचे परस्परांशी असलेले नाते, एवढाच तिचा अर्थ. काचेच्या धंद्याच्या इतिहासात हे नाते जितके स्वच्छ दिसते तितके क्वचितच दुसरीकडे दिसेल. म्हणून हा इतिहास थोडा विस्ताराने सांगण्याचे योजिले आहे.

प्रथम जबलपूरच का, हे पाहू. काचेस मुख्यतः तीन द्रव्ये लागतात: वाळू, सोडा ॲश आणि चुनखडी. त्यांशिवाय लागतो तो विस्तव, आणि तोही साधा नव्हे. चौदाशे-पंधराशे अंश सेंटिग्रेडपर्यंत नेऊन टिकवावा लागणारा. १८७० साली मुंबईकडून आलेला लोहमार्ग व कलकत्त्याकडून आलेला लोहमार्ग जबलपुरास एकमेकांस मिळाले. अलाहाबादेच्या वाटेवर शंकरगढ-लोहगरा भागातील शुभ्र वाळू प्रसिद्ध आहे. उमरियाची कोळशाची खाण फार दूर नाही. चुनखडीला ह्या प्रांतात तोटा नाही. भट्टीस लागणाऱ्या मातीची पारखही इथे होती, कारण बर्न कंपनीचा मातीकामाचा कारखाना ह्याच शहरात होता. म्हणजे निसर्गाने व रेल्वेने आपली बाजू बरीच पुरी केली होती. उणीव होती ती सोड्याची आणि त्याहूनही अधिक जाणत्या हातांची. ह्या दोन उणिवा पुढील सगळ्या कथेत आपणांस पुन्हा पुन्हा भेटतील.

जाणते हात परदेशाहून आणावयाचे की घरी तयार करावयाचे, हा प्रश्न महाराष्ट्राने पुष्कळ लवकर ओळखला होता. १८८२ साली पुण्याचे केशव मल्हार भट अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रशिक्षणाच्या विख्यात संस्थेत शिकावयास गेले. १८८७ साली मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली. १८९० साली पुण्यास औद्योगिक परिषद भरली, आणि १८९२ साली न्यायमूर्ती रानडे ह्यांनी डेक्कन कॉलेजात हिंदी अर्थशास्त्रावर आपले सुप्रसिद्ध व्याख्यान दिले. त्या व्याख्यानात रानड्यांनी ज्या परदेशी पंडितांचा आधार घेतला त्यांत जर्मनीचा फ्रीड्रिश लिस्ट हा एक होता. राष्ट्राची खरी संपत्ती त्याच्या जवळच्या मालात नसून माल निर्माण करण्याच्या शक्तीत आहे, हा लिस्टचा १८४१ सालच्या ग्रंथातील सिद्धांत. पुढे १९८७ साली ख्रिस्तोफर फ्रीमन ह्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने जपानच्या उदयाची मीमांसा करताना राष्ट्रीय नवोन्मेष-व्यवस्थेची कल्पना मांडली, आणि तिचा मूळपुरुष म्हणून त्यानेही लिस्टकडेच बोट दाखविले. आज ही कल्पना नव्या परदेशी मालासारखी आपल्या बाजारात येते. परंतु तिचे बीज शंभराहून अधिक वर्षांपूर्वी पुण्यात पडले होते, हे आपण विसरू नये.

बीज पडले, त्याचे रोप कोणी केले? ते केले अंताजी दामोदर काळे ह्या गृहस्थांनी. प्रत्येक माणसाने वर्षास एक पैसा द्यावा आणि त्या पैशांतून देशी धंद्यांची उभारणी करावी, अशी त्यांची कल्पना. हिशेब करून पाहिला म्हणजे तिचे धाडस कळते. त्या काळी रुपयाचे चौसष्ट पैसे असत. तेव्हा एक लाख माणसांनी एकेक पैसा दिला तरी जमा होणार ते १,५६२ रुपये आठ आणे. एवढ्याशा रकमेसाठी लाख दारे ठोठवावयाची! शहाण्यासुरत्यांनी ह्या बेतास हसावे, हे साहजिकच होते. परंतु काळे गावोगाव हिंडले, लोकमान्य टिळकांनी आपल्या नावाचे वजन ह्या फंडामागे उभे केले, आणि १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे पैसा फंडाचा काचकारखाना निघाला. त्याच वर्षी टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेस जावे लागले. पुढारी तुरुंगात असतानाही भट्टी विझली नाही, हीच गोष्ट फंडाच्या मुळाची खोली सांगते.

ह्या कारखान्याचे तज्ज्ञ म्हणून जे आले ते ईश्वरदास वार्ष्णेय महाराष्ट्रीय नव्हते. ते संयुक्त प्रांताचे. जपानात व अमेरिकेत शिकून आलेल्या ह्या तरुणास तळेगावी बोलावण्यात आले आणि त्याच्या हाताखाली मराठी मुलांनी फुंकनळी धरली. प्रांताचा अभिमान व राष्ट्राचा अभिमान ह्यांत त्या पिढीला विरोध वाटत नव्हता, हे महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आम्हां लोकांस मुद्दाम आठवावेसे वाटते. वार्ष्णेय पुढे आपल्या प्रांतात परतले आणि बहजोई येथे त्यांनी काचकारखाना उभा केला. तळेगावास मात्र एक विशेष असा होता की, तो कारखाना असूनही शाळा होता. काच विकून नफा करणे एवढाच त्याचा हेतू नव्हता. काच करणारी माणसे घडविणे हाही होता. तेथे शिकलेले कारागीर निरनिराळ्या प्रांतांतील भट्ट्यांवर गेले. १९१६ साली औंध संस्थानात कऱ्हाडजवळ ओगले बंधूंचा कारखाना निघाला आणि त्याचा ‘प्रभाकर’ कंदील घरोघरी लागला. हा कंदील ज्या वातावरणात जन्मास आला ते वातावरण पैसा फंडाने निर्माण केले होते.

शाळा म्हणून चाललेल्या कारखान्याचे मोल काय असते, हे जपानच्या एका उदाहरणाने अधिक स्पष्ट होईल. टोकिओजवळ शिनागावा येथे १८७३ साली एक खाजगी काचकारखाना निघाला. तो चालेना, म्हणून १८७६ साली जपानी सरकारने तो विकत घेतला आणि इंग्रज कारागीर आणून त्यांच्याकडून आपल्या माणसांस शिकविले. व्यापाराच्या दृष्टीने तो सरकारासही परवडला नाही. १८८५ साली तो पुन्हा खाजगी हातांत गेला आणि थोड्याच वर्षांत बुडाला. खतावणी पाहणारा म्हणेल की सरकारचे पैसे पाण्यात गेले. परंतु तेथे शिकलेले कारागीर बाहेर पडले, त्यांनी ठिकठिकाणी आपापल्या भट्ट्या पेटविल्या, आणि जपानचा आधुनिक काचधंदा त्यांतून वाढला. कारखाना बुडाला, पण विद्या तरली. पहिल्या महायुद्धात जर्मन व ऑस्ट्रियन काच हिंदुस्थानात येणे थांबले, तेव्हा रिकामी झालेली जागा जपानच्या मालाने झपाट्याने भरून काढली, ती काही एकाएकी नव्हे.

जर्मनीचे उदाहरण ह्याच्या दुसऱ्या टोकाचे आहे. येना शहरात कार्ल झाइस हा उपकरणे करणारा, एर्न्स्ट आबे हा विद्यापीठातील गणिती पदार्थवैज्ञानिक आणि ओटो शॉट हा काचेच्या घराण्यात जन्मलेला रसायनज्ञ, असे तिघे एकत्र आले. चांगल्या सूक्ष्मदर्शकास चांगली काच हवी, ही झाइसची गरज. कशी काच हवी हे आबेचे गणित. ती कशी वितळवावी ही शॉटची विद्या. १८८४ साली त्यांनी येना येथे काचेची प्रयोगशाळा व कारखाना काढला आणि प्रशियाच्या सरकारने त्यांस अनुदान दिले. गरज, शास्त्र, हस्तकौशल्य आणि राज्याचा पैसा ही चारही एका गावात, जवळजवळ एका अंगणात, आली. तीस वर्षांनी महायुद्ध सुरू झाले तेव्हा इंग्लंडच्या ध्यानात आले की, आपल्या दुर्बिणींची व तोफांच्या नेमयंत्रांची काच बहुतांशी शत्रूकडून येत होती! ह्या धक्क्याने इंग्लंडने काय केले तेही पाहण्याजोगे आहे. १९१५ साली शेफील्ड विद्यापीठात काचतंत्राचा स्वतंत्र विभाग निघाला आणि शास्त्रीय व औद्योगिक संशोधनासाठी सरकारी खाते उभे राहू लागले.

त्याच धक्क्याची एक लहर हिंदुस्थानापर्यंत आली. १९१६ साली सर टॉमस हॉलंड ह्या भूगर्भशास्त्रज्ञाच्या अध्यक्षतेखाली औद्योगिक आयोग नेमण्यात आला व १९१८ साली त्याचा अहवाल बाहेर पडला. सरकारने उद्योगांच्या वाढीत प्रत्यक्ष भाग घ्यावा व त्यासाठी शास्त्रज्ञांची सेवा संघटित करावी, असे आयोगाने सुचविले. पंडित मदनमोहन मालवीय ह्यांनी भिन्नमताची दीर्घ पत्रिका जोडली आणि जर्मनी-जपानचे दाखले देऊन तंत्रशिक्षणाचा प्रश्न अग्रभागी आणला. कागदावर पाहिले तर त्या एका अहवालात पुढील शंभर वर्षांच्या धोरणांचा अर्धाअधिक मसुदा सापडतो. पण युद्ध संपले, परदेशी काच पुन्हा बंदरांत उतरू लागली, आणि सरकारची निकड ओसरली.

आता ह्या कथेतील सर्वांत बोधप्रद प्रकरण. १९२२ साली फिस्कल कमिशनने असे ठरविले की, ज्या धंद्यास कच्च्या मालाची व इतर नैसर्गिक अनुकूलता असेल त्यासच संरक्षक जकातीचा आधार द्यावा. १९३१ साली काचेचा प्रश्न टॅरिफ बोर्डाकडे गेला. बोर्डाने चौकशी करून संरक्षणाची शिफारस केली. सरकारने तीन वर्षे विचार केला आणि १९३५ साली ती शिफारस फेटाळली. कारण काय? देशात सोडा ॲश पुरेशी होत नाही, हे! वाळू आपली, चुनखडी आपली, कोळसा आपला, मजूर आपला, गिऱ्हाईक आपले; एक सोडा तेवढा बाहेरून येतो, म्हणून हा धंदा आपला नव्हे, असा हा न्याय. लँकेशायरात कापूस पिकत नाही म्हणून कोणी तेथील गिरण्यांस परक्या म्हटल्याचे आम्हांस ठाऊक नाही. सोड्यावरील आयात जकातीत सूट देऊन सरकारने धंद्याचे सांत्वन केले.

ह्या निर्णयातील अन्याय राजकीय होता हे तर खरेच. परंतु त्यातील विचारदोष राजकारणाहून खोल आहे, आणि तो राजवटीबरोबर गेला असे समजण्याचे कारण नाही. सोड्याची उणीव हे धंदा सोडून देण्याचे कारण मानले गेले. ती उणीव भरून काढण्याचे ते निमित्त मानले गेले नाही. सोडा करण्याची सॉल्वे पद्धत युरोपातील मोजक्या कंपन्यांनी आपल्या मुठीत ठेवली होती. काठेवाडच्या किनाऱ्यावर मीठ विपुल, चुनखडीही विपुल. १९३९ साली मिठापूर येथे टाटांनी रासायनिक कारखान्याची स्थापना केली आणि पुष्कळ खटपटीनंतर ही विद्या साध्य केली. म्हणजे १९३५ साली जी अडचण निसर्गाची म्हणून सांगितली गेली ती वास्तविक ज्ञानाची होती. काचेची मागणी समोर उभी करून त्याच वेळी सोड्याच्या संशोधनास हात घातला असता, तर एका धंद्याच्या जोरावर दुसरा उभा राहिला असता. एका कड्यावरून दुसरे कडे ओढून घेणे, हीच औद्योगिक राष्ट्रांची रीत आहे.

स्वातंत्र्यानंतर ह्या विचारात मोठा पालट झाला, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. शास्त्रीय व औद्योगिक संशोधन परिषद १९४२ सालीच स्थापन झाली होती. तिच्या प्रयोगशाळांच्या मालिकेत कलकत्त्यास जादवपूर येथे काच व मृत्तिका संशोधनाची मध्यवर्ती संस्था १९५० साली सुरू झाली. प्रयोगशाळांतील शोध कारखान्यांच्या हाती देण्यासाठी १९५३ साली राष्ट्रीय संशोधन विकास निगम निघाले. १९५८ च्या मार्च महिन्यात पंडित नेहरूंच्या सरकारने विज्ञानधोरणाचा ठराव केला. तंत्रविद्या, कच्चा माल आणि भांडवल ह्या तिहींच्या संयोगात राष्ट्राची समृद्धी आहे, आणि नवी तंत्रविद्या कच्च्या मालाची उणीव भरून काढू शकते, असा त्या ठरावाचा आशय आहे. १९३५ चा निर्णय आणि १९५८ चा ठराव शेजारी ठेवून वाचले, म्हणजे तेवीस वर्षांत विचार किती पुढे गेला हे समजते.

आणि हा विचार कागदावरच राहिला असेही नाही. प्रकाशीय काच, म्हणजे दुर्बिणी, सूक्ष्मदर्शक व नेमयंत्रे ह्यांस लागणारी निर्दोष काच, जगात थोड्याच देशांस करता येत होती. तीत बुडबुडा चालत नाही, रेघ चालत नाही. सर्व वडीभर प्रकाश एकाच प्रमाणात वळला पाहिजे. डॉ. आत्माराम ह्यांच्या नेतृत्वाखाली जादवपूरच्या संस्थेने १९६० च्या सुमारास ही काच देशी पद्धतीने सिद्ध केली. हे यश का आले ते नीट पाहावे. लष्करास ह्या काचेची निकड होती, म्हणजे गिऱ्हाईक ठरलेले होते. संस्थेपाशी मुशीच्या मातीपासून भट्टीच्या रचनेपर्यंत सर्व गोष्टी स्वतः करून पाहणारी माणसे होती. आणि प्रयोग कोठे संपतो व उत्पादन कोठे सुरू होते, ह्या हद्दीवर जकातनाका नव्हता; ज्यांनी काच शोधली त्यांनीच ती करून दिली. येनाच्या अंगणाचेच हे लहानसे प्रतिरूप होते.

जेथे असे अंगण नसते तेथे काय होते, ह्याचेही उदाहरण जबलपुरातच आहे. इथला तोफगाड्यांचा कारखाना १९०४ सालचा, वाहन-कारखाना १९६९ सालचा. शक्तिमान ट्रक जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यावर इथे तयार झाले. पुढे अशोक लेलँड व टाटा ह्यांच्या रचनेची वाहने आली. बांधणारे हात कुशल होते. रचना मात्र बहुधा दुसऱ्याची होती. १९८६ साली बोफोर्स तोफांच्या खरेदीचा करार झाला, तेव्हा तोफेबरोबर तिच्या तंत्राची कागदपत्रेही देशाच्या हाती आली. पैसे मोजून घेतलेले हे ज्ञान वर्षानुवर्षे कपाटात राहिले. त्या कागदांचा आधार घेऊन ‘धनुष’ तोफ तयार करण्याचे काम हाती घेतले गेले ते सुमारे पाव शतकानंतर. आणि जबलपूरच्या कारखान्यातून पहिल्या सहा तोफा सैन्याच्या स्वाधीन झाल्या त्या एप्रिल २०१९ मध्ये. तोफ झाली ह्याचा अभिमान ह्या शहरास आहे व तो रास्त आहे. पण मधली पंचवीस वर्षे कोणाच्या खात्यावर टाकावयाची? कारागीर होते, यंत्रे होती, कागद होते, गरजही होती. एका दालनातील गोष्ट दुसऱ्या दालनात नेणारा तेवढा कोणी नव्हता. आमचा पेशा केंद्र सरकारच्या कारकुनाचा. कागद कपाटात कसा राहतो हे आम्हांस दुसऱ्याने सांगावयास नको. तो कोणी लपवून ठेवीत नाही. त्याच्यावर पुढील कार्यवाही कोणी करावी हे लिहिलेले नसते, एवढेच.

ह्याच्या उलट, लहान धंद्यातही सांधा जुळला म्हणजे काय होते ते फिरोझाबादेत दिसते. बांगड्यांच्या ह्या नगरीतील भट्ट्या कोळशावर चालत. ताजमहालाच्या रक्षणासाठी सर्वोच्च न्यायालयाने ३० डिसेंबर १९९६ रोजी त्या परिसरातील कारखान्यांस कोळसा सोडून नैसर्गिक वायूकडे वळण्याचा आदेश दिला. आदेश देणे सोपे; कोळशाची भट्टी वायूवर कशी चालवावी हे लहान कारखानदारास कोण शिकविणार? टेरी ह्या दिल्लीच्या संस्थेतील लोकांनी स्विस सरकारच्या विकास-साहाय्याने हे काम अंगावर घेतले. त्यांनी तेथल्याच कारखान्यात वायूवर चालणारी नवी भट्टी बांधून दाखविली. वाया जाणारी उष्णता परत वापरल्यामुळे तीत इंधन बरेच कमी लागे. एका कारखानदाराने ती घेतली, शेजाऱ्याने पाहिली, आणि हळूहळू ती पसरली. ह्यात कोणताही जगावेगळा शोध नव्हता. शास्त्रज्ञ भट्टीपाशी जाऊन उभा राहिला, हीच त्यातील नवलाई.

आता आजच्या धोरणांकडे वळू. १९५८ नंतर १९८३ साली तंत्रविद्या-धोरण आले, २००३ साली विज्ञान व तंत्रविद्या-धोरण आले, २०१३ साली त्यांत ‘नवोन्मेष’ हा शब्द जोडून आणखी एक धोरण आले. संशोधनावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या दोन टक्के खर्च व्हावा, हे ध्येय २००३ मध्ये सांगितले गेले व २०१३ मध्ये पुन्हा सांगितले गेले. २०२०-२१ साली प्रत्यक्ष प्रमाण ०.६४ टक्के होते. २०२३ साली अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचा कायदा झाला, आणि जुलै २०२५ मध्ये खाजगी क्षेत्रातील संशोधनास चालना देण्यासाठी एक लाख कोटी रुपयांच्या योजनेस केंद्रीय मंत्रिमंडळाने मान्यता दिली. हे आकडे मोठे आहेत, आणि पैसा वाढला पाहिजे ह्याविषयी दुमत नाही. परंतु पैशाइतकेच महत्त्व पैशाच्या वाटेला असते.

ह्याचा दाखला दूर शोधावा लागत नाही. १९८६ साली एक कायदा होऊन परदेशी तंत्रविद्या विकत घेणाऱ्यांवर संशोधनासाठी उपकर बसविण्यात आला. कल्पना उत्तम होती: बाहेरची विद्या घेणाराने घरची विद्या वाढविण्यास हातभार लावावा. १९९६ साली ह्या पैशाच्या विनियोगासाठी तंत्रविद्या विकास मंडळ स्थापन झाले. उपकर वर्षानुवर्षे जमा होत गेला. पण जमा रकमेचा अल्प भागच मंडळास मिळाला, आणि २०१७ साली उपकरच रद्द झाला. येथे पैसा फंडाची आठवण होते. अंताजी काळ्यांनी लोकांकडून पैसा मागितला तो धंद्याच्या नावाने, आणि लावला तो भट्टीस. देणाऱ्या शेतकऱ्याला आपल्या पैशाची काच डोळ्यांनी पाहावयास मिळत होती. हजारो कोटींच्या व्यवहारास ती सचोटीची वाट सापडू नये, आणि फेरीवाल्याच्या पैशास ती सापडावी, ह्याचा विचार धोरण लिहिणारांनी करावा.

कोणी म्हणेल, तळेगाव तरी कोठे जग जिंकू शकले? ओगल्यांचा कारखानाही शेवटी बंदच पडला ना? आक्षेप खरा आहे. लोकवर्गणीवर राष्ट्राचे उद्योग चालत नाहीत; संरक्षण, सोडा, मोठे भांडवल आणि अखंड संशोधन ह्या गोष्टी राज्यानेच द्याव्या लागतात, आणि ज्या वेळी त्या हव्या होत्या त्या वेळी राज्य परक्यांचे होते. परंतु आज राज्य आपले आहे आणि संस्थाही आहेत. ह्याच जबलपुरात डुमना येथे जपानच्या सहकार्याच्या कल्पनेतून २००५ साली निघालेली रचना व निर्मिती ह्या विषयांची शिक्षणसंस्था आहे. त्याच शहरात शतकाहून जुनी कारागिरी आहे. पुण्या-तळेगावच्या पिढीपाशी ह्यांतले काहीच नव्हते. तिच्यापाशी होती ती एक दृष्टी: शिकणे, करणे आणि विकणे ही तिन्ही कामे एका छपराखाली आणण्याची.

तेव्हा कोणतेही नवे विज्ञानधोरण हाती आले म्हणजे आम्ही त्यास चार प्रश्न विचारू. ह्या पैशातून जे ज्ञान होईल ते घेणारा कोण, हे आधी ठरले आहे काय? शास्त्रज्ञ आणि कारागीर एका भट्टीपाशी किती दिवस उभे राहणार आहेत? एखादी उणीव दिसली तर ती धंदा सोडण्याचे कारण होणार की नव्या संशोधनाचा आरंभ? आणि प्रयोग फसला तरी त्यातून शिकलेली माणसे मागे राहतील अशी तजवीज आहे काय? शिनागावाच्या बुडालेल्या कारखान्याने हा शेवटचा प्रश्न जिंकला, म्हणून जपान जिंकले.

काच ही मोठी प्रामाणिक वस्तू आहे. वाळू, सोडा आणि चुना एका ढिगात टाकून कितीही वर्षे ठेवा, त्यांची काच होत नाही. आणि झालेली काच घाईने थंड केली तर ती आपोआप तडकते. योग्य ताप आणि त्यानंतरचा धीर, ह्या दोहोंची तिला सारखीच गरज असते. राष्ट्राच्या ज्ञानव्यवहाराचेही असेच आहे. प्रयोगशाळा, कारखाने, विद्यापीठे आणि पैसा ही द्रव्ये आपण एका देशात आणून ठेविली आहेत. त्यांना एकत्र वितळविणारा ताप आणि पुढे पिढीभर टिकणारा धीर पुरविणे, हे काम आता आपल्याकडे आहे.